जागपाटीवरची भाकरी

सात महिने झाले, श्रीपती शेलार रोज सकाळी फक्त कामगार म्हणून उठत होता. डोळे उघडले की भट्टीवर, परत आला की जेवण आणि झोप. पोटच्या पोरीला 'अहो ताई' म्हणायचा.

त्या काळात प्रत्येकाच्या डोक्यात जागपाटी बसवलेली असे. जाग येताना पापण्यांआड तीन चित्रं उमटायची: कामाचं, घराचं, एकट्याचं. अर्धवट झोपेतलं मन ज्या चित्रावर जाईल, तो माणूस उठायचा. बाकी दोघांच्या आठवणी दिवसभर कुलूपबंद. पाटी दिसल्याचंही उठल्यावर आठवत नसे. कारखान्यांना ही सोय भलतीच आवडली. घरची काळजी घरीच ठेवून येणारा माणूस कोणाला नको?

श्रीपतीच्या पाटीवर कारखान्याने कामाचं चित्र धगधगत्या भट्टीचं बसवलं होतं. घराचं करडं, नखाएवढं. कायद्याने जोडीदाराला एक चित्र बदलता येई. त्याची बायको इंदू दुकानांच्या पाट्या रंगवणारी बाई. तिने ठसठशीत अक्षरांत 'घर' लिहिलं, वर सावली दिली. आठवडा गेला, ढिम्म काही हललं नाही.

"झोपेतल्या मेंदूला वाचता येत नाही, इंदूताई," जागपाटी केंद्रातल्या डॉ. अत्तार म्हणाल्या. "त्याच्याकडे तीनच सेकंद असतात. जिकडे उजेड आणि ओढ, तिकडे तो धावतो."

"हे आठ दिवसांपूर्वी सांगायला तोंड दुखत होतं?"

"तुम्ही चित्रकार. मला वाटलं, चित्रच काढाल."

इंदूने तिथेच बसून चित्र काढलं. तव्यावर टम्म फुगलेली भाकरी, खाली लालभडक जाळ. "विस्तवाचा माणूस आहे तो. विस्तवानेच परत आणते."

नोंद करायला डॉक्टरबाईंनी जोडप्याचं खातं उघडलं आणि त्या थबकल्या. "तुमची पाटीही बदललेली आहे. गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. श्रीपतींनी. तुमचं 'एकटी'चं चित्र पार पुसट केलंय."

फेब्रुवारी. एकटी म्हणून उठलेल्या इंदूने मिरजेत खोली बघून बॅग भरली होती, तशी चिठ्ठीही उशाशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी उठली ती घर सोडायचं नाही असं ठरवूनच, आणि बॅग रिकामी केली. आपली जिद्द म्हणून वर्षभर हेच ती अभिमानाने सांगत आली होती.

तिने भाकरीच्या चित्रावर हात आडवा धरला.

"पुसू?" बाईंनी विचारलं.

"नाही. भट्टीएवढीच ठेवा, एक ठिपकाही मोठी नको. आणि माझी पाटी होती तशी करा. तिघी सारख्या."

"नीट विचार करा. आत्ता बोलतेय ती कोण?"

"त्याने उठवलेली, घरची. हट्टी. घर सोडणार नाही म्हणणारी तीच."

"आणि उद्या ते घरचे म्हणून उठले, तुम्ही एकटी म्हणून?"

इंदूने सहीसाठी अंगठा टेकवला. "मग पोरीची ओळख करून घ्यायला त्याला अख्खा दिवस मिळेल."