आमच्याबरोबर आलेली ती

कुणी हसलं तरी हरकत नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

यात अमावस्या नाही. मध्यरात्रही नाही. घडलं ते उजेडात, संध्याकाळी, केरळातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर. साल १९७६, फेब्रुवारी महिना.

पण सुरुवात झाली होती चंदीगडला… आमच्या घरात.

माझे यजमान श्रीनिवास हवाई दलात होते. मालवाहू विमानं घेऊन लेहला जायचे. पहाटे निघायचे. हवा बिघडली की तिकडेच अडकायचे. कधी दोन दिवस, कधी आठवडा.

सेक्टर एकवीसमध्ये आम्ही तळमजला भाड्याने घेतला होता. रुंद सरळ रस्ते, एकसारखी घरं आणि हिवाळ्यात दुपारपर्यंत न हटणारं धुकं. मी सांगलीची. तिथे कुणी ओळखीचं नाही. शेजारच्या भल्ला आंटी प्रेमळ होत्या, पण त्यांचं पंजाबी माझ्या डोक्यावरून जायचं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासूबाईंचं प्रत्येक पत्र त्याच एका प्रश्नावर संपायचं.

हे घरी असले तरी आमच्यात बोलणं फारसं उरलं नव्हतं. जेवण, झोप, डबा. बस्स.

मग मी एकटीच बोलायला लागले. मोठ्याने. मराठीत.

"आज भाजीत मीठ जरा जास्तच झालं, नाही?"

"पोस्टमन आला नाही बघ अजून."

उत्तर कधी आलं नाही. खोटं कशाला सांगू! पण बोलून झाल्यावर घर रिकामं वाटायचं नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी हातातलं काम थांबवून ऐकतंय… असं वाटायचं.

मला त्याची भीती वाटली नाही. उलट बरं वाटायचं.

त्या वर्षी यांना रजा मिळाली. यांच्या मित्राचा मेहुणा रघुनाथ केरळात समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात मॅनेजर होता. त्याने खोली मिळवून दिली.

"पद्मा, त्या हॉटेलात लहान मुलांना घेतच नाहीत," हे म्हणाले. "सगळी मोठी माणसं. बरेचसे परदेशी. आपल्याला कुणी काही विचारणार नाही."

एवढं बोलून यांनी मान फिरवली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, त्या प्रश्नाचा यांनाही त्रास होतो.

आम्ही दोघं निघालो. दोघंच.

हॉटेल म्हणजे स्वर्ग होता! नारळीच्या झाडांमध्ये कौलारू कॉटेजेस. प्रत्येकीला स्वतःची ओसरी. टेबलावर पांढरीशुभ्र कापडं, बशीत ताजी फुलं. मुलांचा आवाज कुठेच नाही. फक्त लाटा. चंदीगडच्या थंडीतून आलेल्या मला ती ऊबही नवी वाटत होती.

पहिल्या दुपारी जेवायला बसलो. थॉमस नावाचा वेटर होता. त्याने यांच्यापुढे ताट ठेवलं. माझ्यापुढे ठेवलं.

आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे… तिसरं.

"आम्ही दोघंच आहोत," हे हसून म्हणाले.

थॉमसने खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ताट उचललं. मात्र जाताना त्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून तो जरा अंग चोरून गेला.

मी ते पाहिलं. यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची एक वयस्कर जर्मन बाई यांना इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या बायकोची बहीण फार लाजाळू आहे. काल तुमच्याबरोबर बसली होती. आज एकटीच बाहेर ओसरीवर बसली आहे. तिला बोलवा ना आत."

हे म्हणाले, "तुमची काहीतरी गल्लत होतेय."

मी जेवणघराच्या ओसरीकडे वळून पाहिलं. वेताची खुर्ची होती. समुद्राकडे तोंड केलेली.

रिकामी.

"काय गं, घाबरलीस?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि खरंच नव्हते घाबरले. फक्त त्या खुर्चीवरून नजर निघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर खूप लांब चालत गेलो. यांनी माझा हात धरला. सहा वर्षांत रस्त्यात कधी धरला नव्हता.

"लेहला बर्फात अडकतो ना," हे म्हणाले, "तेव्हा मला तूच दिसतेस. त्या घरात एकटी. मग परत आल्यावर तुझ्याशी बोलायची लाज वाटते."

"लाज कसली हो?"

"तुला तिथे नेऊन टाकलं आणि मी निघून गेलो, त्याची."

मी रडले. मग दोघंही हसलो. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत होतो. लहानपणचं, घरचं, होऊन गेलेलं, न झालेलं… सगळं.

त्या रात्री मला किती शांत झोप लागली!

चौथी संध्याकाळ.

सूर्य अजून पाण्याच्या वर होता. आम्ही वाळूत चटई टाकून बसलो होतो. हे काहीतरी गमतीचं सांगत होते आणि मी हसत होते.

अचानक माझ्या डाव्या हाताला गार वाटलं. शेजारी बसलेलं माणूस उठून गेल्यावर वाटतं तसं.

मी तिकडे पाहिलं. वाळू. बाकी कुणी नाही.

आणि शिटी वाजली.

पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला हॉटेलने एक कोळी ठेवला होता. तो शिट्या फुंकत, हात हलवत पाण्याकडे धावत होता. आम्हाला पाण्यात कुणीच दिसत नव्हतं. त्याने मात्र लाटेत उडी घेतली. खूप आत गेला. दोनदा बुडी मारली.

सगळे पाहुणे काठावर गोळा झाले.

तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो मल्याळममध्ये बोलत होता आणि पुन्हा पुन्हा आपली रिकामी मूठ उघडून दाखवत होता.

रघुनाथ धावत आला. त्याचं ऐकता ऐकता रघुनाथचा चेहरा उतरला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुमच्याबरोबरच्या बाई पाण्यात गेल्या म्हणतोय. साडी नेसून, सरळ चालत. हाका मारल्या तरी वळल्या नाहीत. त्याच्या हातात पदर आला होता… पण सुटला."

"रघुनाथ, काय बोलतोयस?" हे ओरडले. "आम्ही दोघंच आलोय!"

"मला माहितीये रे. खोली मीच दिली. पण वहिनी, खरं सांगा… तिसरं कुणी होतं का?"

मी चटईच्या डाव्या बाजूच्या वाळूकडे पाहिलं.

गर्दीतून थॉमस पुढे आला. रघुनाथ त्याचं बोलणं आम्हाला मराठीत सांगत होता.

पहिल्या दिवशी त्या बाई टेबलाशी बसल्या होत्या. मॅडमच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी आत आल्या नाहीत. ओसरीवर बसल्या.

काल साहेब आणि मॅडम फिरायला गेले, तेव्हा त्या नारळाखाली बसून दोघांकडे बघत होत्या. थॉमसने चहा विचारला. नको म्हणाल्या.

आज मात्र जाण्याआधी थोडा वेळ चटईजवळ येऊन बसल्या. मग उठल्या…

रोज थोडं लांब. रोज थोडं आणखी लांब.

मी तिथेच वाळूत बसले आणि रडायला लागले. कुणासाठी रडत होते ते मला सांगता आलं नसतं. हे मला धरून होते.

होड्या घालून शोध घेतला. हॉटेलातला एकेक माणूस मोजला. सगळे जागेवर होते. रघुनाथने पोलीस चौकीत कळवलं. पण हरवलेलं कुणी नव्हतंच, तर शोधणार कुणाला?

पाण्याने काहीही परत दिलं नाही.

तो कोळी दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

आम्ही चंदीगडला परतलो.

मी कुलूप उघडलं… आणि दारातच थांबले.

घर तेच होतं. सामान जिथल्या तिथे होतं. पण इतकं रिकामं घर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत कुणी नाही, हे मला तिथे न जाता कळलं.

दोन दिवसांनी हे लेहला गेले. सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून भल्ला आंटींनी हाक मारली. माझ्यासाठी त्या सावकाश हिंदीत बोलायच्या.

"बेटा, दीदी नहीं लौटीं?"

"कौन दीदी, आंटीजी?"

"अरे, तुम्हारी दीदी! जो तुम्हारे पास रहती थीं. दोपहर को पीछे वाले बरामदे में बैठती थीं. तुम अंदर बोलती रहती थीं, वो सुनती रहती थीं."

हातातली चादर खाली पडली.

"कैसी दिखती थीं?" मी विचारलं.

आंटी विचारात पडल्या. "चेहरा तो… अजीब बात है, याद नहीं आ रहा. मेरी तरफ पीठ रहती थी. एक बार मैंने पूछा था, बहनजी, अपने घर कब जाओगी? बोलीं, जिस दिन इसका मन लग जाएगा, चली जाऊँगी."

मी घरात आले. दार लावून घेतलं. पलंगाच्या कडेवर बसले.

मग मी मोठ्याने म्हणाले, "तुझं घर कुठे होतं गं?"

लांबवर एक विमान उडाल्याचा आवाज आला. तो विरला. मग काहीच नाही.

पुढे आम्हाला मुलगी झाली. बदल्या झाल्या. यांनी मला पुन्हा कधी एकटं पडू दिलं नाही. संसार चांगला झाला.

ती कोण होती? त्या घरात आमच्या आधीपासून होती, की माझ्या बोलण्याने आली? मला माहीत नाही. शोधायचा धीरही झाला नाही.

पण त्यानंतर मी समुद्रावर गेलेले नाही. मुलीने किती वेळा आग्रह केला. मी काहीतरी कारण काढते.

ती तिथे दिसली तर काय बोलू, हे मला अजून सुचलेलं नाही…

आणि ती माझ्याकडे वळलीच नाही तर?