चिनारावरचा हिरवा पट्टा

"माझ्या बाबांनी त्या बाईला अपंग केलं असं सगळे म्हणताहेत," मुलगी दारातूनच म्हणाली. "आणि आता बाबाही तसंच म्हणायला लागलेत!"

वहिनींनी तिला बसवलं. खासगी तपासनीस म्हणून वहिनींचा गावात दबदबा होता. त्यांचे दीर, निवृत्त लघुलेखक, प्रत्येक चौकशी टिपून घेत. सगळं गाव त्यांना भावजी म्हणे. त्यांच्या वहीत सगळं असे, डोक्यात मात्र उशिरा शिरे.

मुलीचे वडील अण्णा नगरपालिकेत झाडं तपासत. तीस वर्षं हेच काम. झाड धोकादायक असेल तर खोडावर लाल पट्टा, म्हणजे तोडा. सुदृढ असेल तर हिरवा. आठ दिवसांपूर्वी वाचनालयाच्या अंगणातल्या चिनाराची फांदी कोसळली. खालच्या बाकावर तिथली मदतनीस चहा पीत होती. आता तिला कंबरेखाली काही जाणवत नाही.

"दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीत बाबांनी आठ झाडांना लाल पट्टा मारला होता. चिनार त्यातलाच. पण खोडावर हिरवा पट्टा आहे, नोंदवहीतही 'सुदृढ' लिहिलंय. चार वाजता वाचनालयात समिती बसतेय. बाबांची नोकरी जाणार, वर पोलिसात प्रकरण."

"अण्णांचं काय म्हणणं?"

"भिंतीकडे तोंड करून पडलेत. माझंच चुकलं असेल म्हणतात." तिचा आवाज चढला. "त्यांना ना झाडापाशी जाऊ दिलं, ना वही दाखवली. पट्ट्याचा एक फोटो तेवढा नाकासमोर धरला!"

अकरा वाजले होते. वहिनींनी पायात चपला सरकवल्या.

वाचनालयाच्या अंगणात चिनार उभा होता. पानं नुकती पिवळी पडू लागली होती. खोड गुळगुळीत, त्यावर राखाडी आणि फिक्या पिवळट रंगाची ठिगळं, नकाशावर देश रंगवावेत तशी. छातीच्या उंचीवर वीतभर रुंद हिरवा पट्टा होता. कुठेही न तुटता, ठिगळांवरून ठिगळांवर, पूर्ण गोल फिरलेला.

"हे झाड म्हणजे डोक्याला ताप आहे, बाई," माळी म्हणाला. तो वर्षभरापूर्वी इथे लागला होता. "सबंध उन्हाळा सालीचे ढलपे टाकतं. रोज टोपलीभर. मागच्या खड्ड्यात नेऊन टाकतो."

"फांदी पडली त्या दिवशी सगळ्यात आधी कोण आलं?"

"उद्यान अधिकारी साहेब. बाईंना दवाखान्यात नेलं, तेवढ्यात ते पोचले. मला म्हणाले, फाटक लावून घे आणि दोर घेऊन ये. दोर आणायला अर्धा तास गेला."

"त्याआधी हा पट्टा होता?"

माळ्याने मान खाजवली. "बघितला नाही. मी खाली बघून झाडतो ना."

"भावजी, खड्ड्यात उतरा. ढलपे आणा, जमतील तेवढे."

"मी?"

"मग काय मी साडी खोचून उतरू?"

भावजी पुटपुटत उतरले आणि पिशवीभर ढलपे घेऊन वर आले. बरेचसे राखाडी होते, दोनतीनांवर तांबूस डाग होते. खड्ड्यात विटांचा चुराही पडलेला होता, तेव्हा भावजींनी वहीत लिहिलं, 'विटेचे डाग'.

वाचनालयाचे व्यवस्थापक पुस्तकांआडून बोलले. "पट्टा होता खरा. दोन वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा पाहिला होता. रंग? छे. मी झाडांकडे कशाला बघू?"

"निदान झाडं ओळखायचं पुस्तक तरी द्या," वहिनी म्हणाल्या, आणि ते पर्समध्ये टाकून निघाल्या.

उद्यान अधिकाऱ्यांच्या खोलीत टेबलामागे मोठी पाटी होती: 'माझ्या कारकिर्दीत एकही झाड तोडलं नाही.' भावजींनी तीही उतरवून घेतली.

"अण्णा भला माणूस," अधिकारी म्हणाले. "पण वय झालं. चुका होतात. मला फार वाईट वाटतं." वाईट वाटल्याचं चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. अण्णांची पद्धत पाहून वहिनी थक्क झाल्या. प्रत्येक झाडाला एक सुटं पान. त्यावर पानांची वाळवलेली डहाळी चिकटवलेली, शेजारी सालीचा ठसा. खोडावर कागद धरून, वरून खडू घासून उतरवलेला. खाली शेरा आणि कार्यालयाचा शिक्का. चिनाराच्या पानावर शेरा होता 'सुदृढ'. डहाळीवर पंजासारखी दोन पानं समोरासमोर होती आणि ठशात उभ्या, खोल भेगा.

"शिक्का कुठे असतो?"

"माझ्या कपाटात. पण ते महत्त्वाचं नाही. पान बघा ना, चिनारच आहे. मी तर पानावरून कुठलंही झाड सांगतो, खोड बघावंच लागत नाही." त्यांनी खिडकीकडे हात केला. "तो बघा बाहेर, तोसुद्धा चिनारच."

जाताना वहिनी त्या झाडाजवळ थांबल्या. पंजासारखी पानं होती. भावजी खोडाला टेकून वही लिहू लागले तर पेन्सिल भेगांत अडखळून कागद फाटला.

"वहिनी, उशीर होतोय!" ते वैतागले. "तीन वाजले. अजून आपल्या हाती काय आहे?"

"फाटलेला कागद आहे की," वहिनी म्हणाल्या. त्यांचे ओठ रागाने घट्ट मिटलेले होते. इतकं चिडलेलं त्यांना भावजींनी क्वचितच पाहिलं होतं.

चार वाजता वहिनींनी समितीला अंगणातच उभं केलं. अध्यक्षबाई, अधिकारी, माळी, आणि मुलीचा हात धरून आलेले अण्णा. अण्णा मान वर करत नव्हते.

"हा पट्टा दोन वर्षांपूर्वीचा, बरोबर?" वहिनींनी विचारलं.

"अर्थात," अधिकारी म्हणाले.

"चिनार दर उन्हाळ्यात साल टाकतो. ही पिवळट ठिगळं म्हणजे याच उन्हाळ्यात उघडी पडलेली नवी साल. दोन वर्षांपूर्वीचा रंग तिच्यावर कसा बसला? जुन्या पट्ट्याच्या तर चिंध्या व्हायला हव्या होत्या. हा अख्खा आहे, कारण तो आठ दिवसांचा आहे."

अध्यक्षबाईंनी पुढे होऊन पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"जुना पट्टा कुठे गेला? ढलप्यांबरोबर गळला. भावजी, ते 'विटेचे डाग' बाहेर काढा."

भावजींनी पिशवी उघडली. वहिनींनी एक ढलपा ओल्या रुमालाने पुसला. विटेचा चुरा निघून गेला असता. हा तांबूस रंग राहिला, आणि कडेला ब्रशचे फराटे दिसले.

"लाल," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या.

"पण नोंदवही!" अधिकारी ओरडले.

"तिच्याकडेच येते. अण्णांच्या पानावर गुळगुळीत सालीचा ठसा असणार. इथे उभ्या भेगा आहेत. चिनाराची पानं फांदीवर एकाआड एक येतात, वर बघा. वहीतली समोरासमोर आहेत. हे पुस्तक सांगतं, ते झाड मेपल. पान दिसायला चिनारासारखं, साल मात्र भेगांची. असं झाड कुणाच्या खिडकीबाहेर आहे? आणि त्याला छातीठोकपणे चिनार कोण म्हणालं? अण्णांनी मेपलला चिनार म्हटलं नसतं. गावात एकच माणूस तसं म्हणतो. शिक्का त्याच्या कपाटात आहे, आणि फांदी पडल्यावर माळ्याला घालवून तो इथे अर्धा तास एकटा होता."

"एकही झाड तोडलं नाही," भावजी वहीतून वाचत म्हणाले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणावर ओरडले. "म्हणजे तुमच्या पाटीसाठी? एका पाटीसाठी ती बाई लुळी झाली? आणि या माणसाला तुम्ही स्वतःचे डोळे खोटे मानायला लावलेत!"

अध्यक्षबाईंनी पोलिसांना फोन लावला.

अण्णा चिनारापाशी गेले. त्यांनी खोडावर हात ठेवला.

"मला ठाऊक होतं रंग गळतो ते," ते म्हणाले. "दरवर्षी नव्याने मारायला हवा. गेल्या वर्षी या साहेबांनी पाहणीच रद्द केली. मी एक अर्ज लिहिला आणि घरी गेलो." मग ते सगळ्यांकडे वळले. "आणि तुम्ही सगळे इथे एकाच झाडाभोवती काय उभे आहात? मी लाल पट्टे आठ झाडांना मारले होते!"

अध्यक्षबाईंनी कानाचा फोन खाली घेतला.

"एक शाळेच्या फाटकावर आहे," अण्णा म्हणाले. "किती वाजले?"

भावजींनी घड्याळ पाहिलं. साडेचार. पाच वाजता शाळा सुटायची.

माळी लाल रंगाचा डबा आणि दोर आणायला आधीच धावला होता. अण्णा त्याच्या मागे निघाले, आणि भावजी वही तिथेच टाकून त्यांच्या मागे पळाले.