श्वासावरचा ठेका

"ते खोकं खाली ठेवा."

"का बरं? विकायला मांडलंय ना?"

"चुकून मांडलंय."

"आणि मी मुद्दाम उचललंय."

चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंची विक्री चालली होती. मी धावत जिना उतरले, तोवर डॅडींच्या प्रवचनांच्या कॅसेटी एका उंच तरुणाच्या काखेत जाऊन बसल्या होत्या. पिवळी टोपी, गळ्यात हेडफोन आणि चेहऱ्यावर असं हसू, की माझा राग वाटेतच अडखळला.

"मदर यूला, तुम्ही हे दिलंत तरी कसं?" मी टेबलामागच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं. वयाच्या मानानं अख्खं चर्च त्यांना 'मदर' म्हणतं.

"तुझ्या बापानंच आणून ठेवलं, बेबी. म्हणाले, द्या कुणालाही." त्यांनी चष्म्यावरून त्या तरुणाला नीट न्याहाळलं. "आता हा 'कुणालाही' इतका देखणा निघाला, त्याला मी काय करू?"

डॅडी म्हणजे रेव्हरंड प्रुइट. शिकागोच्या एकोणऐंशीव्या रस्त्यावरच्या या चर्चमध्ये चाळीस वर्षं त्यांनी प्रवचन सांगितलं. सांगितलं कसलं, गायलं! आधी साधं बोलणं, मग बोलण्याला हळूच सूर फुटायचा, मग एकेक ओळ छातीतून उसळायची आणि अख्खं चर्च उभं राहायचं. शेजारी ऑर्गनवर मी असायची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. देवाची कृपा, जीव वाचला. आवाज मात्र कुजबुजीपुरता उरला. तेव्हापासून ते तिसऱ्या बाकावर गप्प बसतात. आणि आता हे... स्वतःचा आवाज घराबाहेर काढणं!

"मी हाऊस बनवतो, ठेक्यावर नाचायचं संगीत," तो तरुण आता हळू बोलला. "जुलैत जॅक्सन पार्कला हाऊसवाल्यांची मोठी पिकनिक असते, तिथं पहिल्यांदा वाजवायला मिळतंय मला. लहानपणी आईचा हात धरून हा आवाज ऐकलाय मी. तो हवाय."

"डॅडींचं प्रवचन? नाचायला?"

"तुमच्या चर्चमध्ये लोक बसून ऐकायचे का?"

त्याचा मला फार राग आला... फार म्हणजे, थोडा.

"दोन अटी. कॅसेटींबरोबर मीही येणार. आणि डॅडी हो म्हणाल्याशिवाय चारचौघांत एक शब्द वाजणार नाही."

"अलॉन्झो गॅडिस," त्यानं हात पुढे केला. "दोन्ही मान्य. पहिली जरा जास्तच मान्य."

त्याची खोली म्हणजे आईच्या स्वयंपाकघरामागची बंदिस्त पडवी. एक कॉम्प्युटर, एक जुनं ठेक्याचं यंत्र, भिंतभर तबकड्या आणि बसायला एकच खुर्ची. ती त्यानं मला दिली आणि स्वतः दुधाच्या उलट्या क्रेटवर बसला.

"हे सगळं सुचतं कुठून तुला?" मी एका दुपारी विचारलं.

"शनिवारी सकाळी आई इस्त्री करायची, रेडिओवर हाऊस लागलेलं असायचं. इस्त्रीची वाफ ऐक..." त्यानं कळ दाबली. छिस्स... छिस्स... खरंच, झांजेच्या जागी वाफ होती! "आणि माझा मामा स्केटिंगच्या हॉलमध्ये चाकांवर उलटा नाचायचा. बेसचा खर्ज कुठं वळवायचा ते मी त्याच्या गुडघ्यांकडून शिकलो."

आधी तो ढोलाचे चार ठोके मांडायचा, सारखे, शांत. मग त्यांच्या पोटात बेस सोडायचा. मग काहीच करायचा नाही. हनुवटीवर मूठ ठेवून वाट बघायचा. मी त्या मुठीकडे बघत बसायची, आणि तो वळला की घाईनं भिंतीकडे.

"गाणं झालं हे कळतं कसं?"

"आई भांडी घासत असताना लावतो. तिची कंबर हलली नाही, तर पुसून टाकतो."

"काल विसळायचं पाणीसुद्धा हललं नाही रे लॉन्झो!" आतून हाक आली. "आणि त्या मुलीला काही खायला विचारलंस का, की नुसतं ठोकून ठोकून दाखवतोयस?"

जूनच्या शेवटी गाणं झालं. आईची कंबर हलली. आम्ही ते घरी डॅडींना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली... नाही.

"हा माणूस श्वासच घेत नाही," ते कुजबुजले. "हा मी नव्हे."

अलॉन्झोचा चेहरा पडला. पायऱ्यांवर बाहेर आल्यावर म्हणाला, "श्वास मीच काढले. प्रत्येक ओळीनंतर 'हाऽ' असा घोगरा आवाज होता. कचरा समजून साफ केला. आणि ओळी माझ्या ठोक्यांवर बसाव्यात म्हणून ताणल्या, कापल्या..."

"अरे देवा! तो कचरा नाही, वेड्या. ती माझी जागा आहे!"

हाताला धरून मी त्याला चर्चमध्ये नेलं. रंगीत काचांतून दुपार आत सांडली होती. ऑर्गनच्या बाकावर त्याला शेजारी बसवलं आणि मूळ कॅसेट लावली. डॅडींचा आवाज उठला —

"थकलो होतो मी... हाऽ!"

त्या 'हाऽ'वर माझी बोटं पडली. ऑर्गन गरजला.

"पण बसलो नाही मी... हाऽ!"

पुन्हा. चाळीस वर्षं आमचे लोक टाळी त्या श्वासावरच देत होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. प्रत्येक श्वासाला अलॉन्झोचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता... तो सरकला नाही. मीही नाही.

"म्हणजे आवाज ठोक्यांवर बसवायचा नाही," तो पुटपुटला. "ठोके श्वासावर बसवायचे. पण जोसलिन, शेवटी रेव्हरंडांची लय चढत जाते. नाचणारे पडतील."

"डॅडींच्या मागे कुणी पडलेलं मी तरी पाहिलं नाही."

आठ दिवस त्यानं ठोके एकेक करून श्वासाला जोडले. माझा ऑर्गन घेतला. पण डॅडी पुन्हा ऐकायला तयार होईनात. शेवटी मी गुडघे टेकून देवाला, आणि मग डॅडींना, विनवलं.

"पिकनिकमध्येच ऐकेन," ते म्हणाले. "लोकांमध्ये. हात वर केला, तर तिथल्या तिथं बंद करायचं."

"कबूल," अलॉन्झो म्हणाला.

जॅक्सन पार्कात त्या शनिवारी तंबूच तंबू होते. शेगड्यांचा धूर, त्यांवर भाजणाऱ्या मटणाच्या बरगड्यांचा वास, तळ्यावरून येणारा वारा, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे नाचत होते. डॅडी सुटाबुटात, मंचासमोर खुर्चीवर. शेजारी मदर यूला पंखा हलवत. मी अलॉन्झोजवळ उभी.

तीनला त्यानं गाणं सोडलं. इस्त्रीची वाफ, चार ठोके... आणि डॅडींचा तरुण, भरदार आवाज झाडांवरून गेला.

"थकलो होतो मी... हाऽ!"

माझा ऑर्गन. पाच हजार माणसांनी टाळी दिली — नेमकी श्वासावर! कुणी शिकवलं नव्हतं. मदर यूलांनी पंखा फेकला. लय चढली, लोक चढले, कुणी पडलं नाही. मला मात्र फक्त डॅडींचा उजवा हात दिसत होता.

तो वर आला.

अलॉन्झोची बोटं बंद करायच्या बटणावर गेली...

"थांब!" मी त्याचं मनगट धरलं. डॅडी उठले होते. ते चालत मंचावर आले आणि वर केलेला तोच हात त्यांनी माइकसाठी पुढे केला.

"बसलो नाही मी... हाऽ!" तरुण रेव्हरंड गरजला.

"नाहीच बसलो!" म्हातारे रेव्हरंड कुजबुजले.

ती फाटकी कुजबुज सगळ्या पार्कभर गेली आणि पार्क वेडं झालं. ओळीमागून ओळ, डॅडी स्वतःलाच साथ देत होते, रडत होते, हसत होते. दोन वर्षांनी ते पुन्हा प्रवचन करत होते. देवा, तुझे उपकार कसे फेडू!

माइक ठेवून ते अलॉन्झोच्या कानाशी वाकले. "रविवारी जेवायला ये. ही तुझ्याकडे बघते ते मी खुर्चीवरून पाहिलंय. आवाज गेलाय माझा, डोळे नाहीत."

मी लाजून चूर झाले. अलॉन्झो माझ्याकडे वळला.

"जोसलिन, मला तुला... म्हणजे, त्या खोक्याच्या दिवसापासूनच..."

"लॉन्झो, गाणं संपतंय! पुढचं लाव आधी."

"आधी हे सांगू दे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

गाणं संपलं. हाऊस वाजवणाऱ्यानं मध्ये शांतता पडू देणं म्हणजे महापाप. पाच हजार माणसं पाय उचलून थांबली.

"अरे, गाणं!" कुणीतरी ओरडलं.

"पोराला बोलू द्या!" मदर यूला त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या.

"माझंही आहे," मी म्हटलं. माइक चालूच होता, हे मला नंतर कळलं... म्हणजे पाच हजार जणांनी एकदम "आमेन!" म्हटलं, तेव्हा.