आतल्या बाजूचा ठसा

हे खरंच घडलेलं आहे. मास्तरांना ओळखणारं कुणीही सांगेल, की स्वतःची सही करतानाही जे दोनदा विचार करतात, ते असली थाप मारणार नाहीत.

सुरुवात एका पत्राने झाली. मास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र पंपवाल्याच्या बायकोचं होतं. पोहण्याच्या तलावावर पंप चालवणारा तो धिप्पाड माणूस पंपाच्या खोलीत, क्लोरीनच्या वायूने गुदमरून गेला होता. मॅनेजर म्हणाले, त्याने कुणाला न विचारता मनानेच क्लोरीन ओतलं. ते सगळ्यांना पटलं.

"सर," तिने लिहिलं होतं, "पोरांना लोक ऐकवतात, तुमचा बाप मूर्खपणाने मेला. तुम्ही शिकलेले आहात. यांची चूक होती का, एवढंच कळवा."

मास्तर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कितीदा तरी लिहायला बसले. पण आपण तिथे होतो कुठे? चुकीचं लिहिलं तर? शेवटी पत्र एका जाड पुस्तकात गेलं आणि पुस्तक कपाटात.

मग एका रविवारी, भर दुपारी, मॅनेजरांनी त्यांना तलावावर बोलावून घेतलं. तलाव पुन्हा सुरू करायचा होता. पाणी तपासून हवं होतं.

तिथे चिटपाखरू नव्हतं.

पंप बंद होता.

तरीही पंपाच्या खोलीवरून जाताना मास्तरांना वाटलं, आत कुणीतरी... खोकतंय.

"आत कोण आहे?"

"कोण असणार? तिथे कुणी पाय ठेवायला तयार नाही. हल्ली मीच पंपवाला झालोय," मॅनेजर हसले.

"क्लोरीनचा वास येतोय, साहेब."

"नवं पाणी आहे. अजून थेंबसुद्धा टाकलेला नाही. मास्तर, वय झालं तुमचं."

झालंही असेल, मास्तरांना वाटलं.

त्यांनी हातमोजे घातले. पाण्यातलं क्लोरीन मोजणाऱ्या फोटोमीटर यंत्राची काचेची कुपी तलावाच्या पाण्याने भरली आणि मऊ फडक्याने पुसली. काचेवर बोट उमटलं तर उजेड अडतो आणि आकडा चुकतो. कुपी यंत्रात ठेवून, झाकण लावून त्यांनी आधी यंत्राचं शून्य लावून घेतलं.

तपासणीची गोळी टाकायला कुपी बाहेर काढली, तर...

काचेवर अंगठ्याचा ठसा होता.

मास्तरांच्या अंगठ्याच्या दुप्पट मोठा.

त्यांनी पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला.

ठसा... आतल्या बाजूने होता.

कुपीच्या तोंडातून करंगळीसुद्धा आत गेली नसती.

कशीबशी त्यांनी गोळी टाकली. क्लोरीन असलं की पाणी गुलाबी होतं. पाणी क्षणभर गर्द गुलाबी झालं. मग रंग... उडाला. यंत्राने शून्य दाखवलं.

"बघा, शून्य," मॅनेजर म्हणाले. "त्या दिवशीही हुबेहूब असंच. गुलाबी आलं आणि गेलं."

मास्तरांनी मान वर केली. "मग?"

"मग काय? मीच त्याला म्हटलं, अजून ओत. कुरकुरत होता, डोळे चुरचुरतात म्हणून. म्हटलं, यंत्र खोटं बोलतं की तू?" आपण काय बोलून गेलो ते मॅनेजरांच्या लक्षात आलं. "हे आपल्या दोघांत हं. तसं तुम्ही तरी कुणाला सांगणार? दूधवाल्याशी बोलतानाही तुम्हाला घाम फुटतो."

मास्तरांनी कुपी यंत्रातून बाहेर काढली.

"साहेब, ते शून्य नव्हतं. क्लोरीन बेसुमार झालं की ते तो रंगच खाऊन टाकतं. पाणी पातळ करून पुन्हा बघायचं असतं."

त्यांनी दुसऱ्या कुपीत तलावाचं पाणी थोडं घेतलं, शुद्ध पाणी नऊपट मिसळलं आणि पुन्हा शून्य लावून नवी गोळी टाकली.

कुपी गुलाबी झाली. तशीच राहिली.

थेंबसुद्धा न टाकलेलं पाणी...

मॅनेजर पंपाच्या खोलीकडे वळले. "आत जाऊ नका, साहेब," मास्तर म्हणाले.

"शून्य म्हणजे शून्य." मॅनेजरांनी क्लोरीन आणायला बादली उचलली आणि ते आत शिरले.

त्यांच्यामागे दार लागलं. आवाज न करता.

मग खोकला ऐकू आला. मॅनेजरांचा.

त्यांच्याबरोबर दुसरा... मघाचाच.

मग एक जाड आवाज, अगदी शांतपणे म्हणाला, "अजून ओत."

मास्तरांनी दारावर धडका दिल्या. दार हललं नाही. आतला एक खोकला थांबला, तेव्हा ते आपोआप उघडलं.

मॅनेजर वाचले. बादली कोरडी ठणठणीत होती. क्लोरीनच्या ड्रमचं सील शाबूत होतं. तरी डॉक्टर म्हणाले, क्लोरीननेच घसा जळलाय. आवाज परत यायचा नाही.

म्हणजे खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस उरला.

मास्तर घरी आले. पाणी प्यायला ग्लास भरला, तोंडाशी नेला...

काचेवर ठसा होता. आतल्या बाजूने.

मागे, पुस्तकांच्या कपाटापाशी, कुणीतरी खोकलं.

मास्तरांनी वळून बघितलं नाही. तसेच टेबलाशी बसले.

"ताई, तुमच्या यजमानांची चूक नव्हती. ओतायला मॅनेजरांनी सांगितलं, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. विचारतील त्या प्रत्येकाला मी हे सांगेन. मुलांना वाचून दाखवा."

या वेळी काही खोडलं नाही.

घरातल्या चपलांवरच ते टपालपेटीपर्यंत गेले. ठसा उमटवणाऱ्याचं तेवढ्यावर भागेल का, कोण जाणे. त्यांनी पाकीट फटीतून आत सोडलं आणि कान दिला.

पेटी रिकामी असावी. तरी पत्र तळाशी पडल्याचा आवाज आला नाही...

आतून कुणीतरी ते अलगद हातात घेतलं होतं.