मागून वाजवलेला डबा

गुडघ्यांवर चालता चालता तेजलचं डोकं कशावर तरी दाणकन आपटलं. तिला वाटलं, टेबल असणार. तर टेबल "आई गं" म्हणालं.

प्रशिक्षणाचा पहिलाच दिवस. गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये विठाबाई मॅडमनी बालवाडीच्या तीस ताईंना पदर खोचायला लावून गुडघ्यांवर उतरवलं होतं. चार वर्षांच्या मुलाला खोली कशी दिसते ते आधी बघा, म्हणे. आणि त्या सगळ्या बायकांत एकच पुरुष — धम्मपाल. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर मजुरांच्या मुलांची बालवाडी चालवणारा. आत्ता कपाळ चोळत बसलेला.

"लागलं का?"

"मला नाही. मागच्या भिंतीला विचारा, मी तिच्यावर जाऊन आपटलो."

तेजलला असं काही हसू फुटलं की मॅडमनी वळूनच बघितलं. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत तो बरोब्बर तिच्यासमोर डबा उघडायला लागला. योगायोगच असणार... रोजचा.

"सगळ्या मला दादा म्हणतात. तुम्ही तेवढ्या म्हणत नाही."

"मला घरी एक भाऊ आहे. पुरतो तेवढा."

त्यावर त्या बिचाऱ्याने भाकरीचा तुकडा आमटीऐवजी पाण्याच्या पेल्यात बुडवला. आणि खाल्लासुद्धा.

चौथ्या दिवशी मॅडमनी खडे भरलेला एक पत्र्याचा डबा आणला. "मूल हाकेला ओ देत नसेल, तर रागावायच्या आधी त्याच्या मागे उभं राहायचं. त्याला दिसणार नाही असा डबा वाजवायचा. मान वळली नाही तर समजा, ते हट्टी नाहीये. त्याला ऐकू येत नसेल."

खड खड खड.

तेजल उठली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली. थोड्या वेळाने धम्मपाल आला आणि दोन पायऱ्या खाली बसला. काही विचारलं नाही त्याने. म्हणूनच तिला सांगता आलं.

"देवळा तालुक्यात माझी बालवाडी आहे. कांदा लावायला सुरगाण्याकडची माणसं आली होती, त्यांच्यातला गेणू. हजेरीला ओच द्यायचा नाही. मला वाटलं, मुद्दाम करतो... सहा दिवस कोपऱ्यात उभा केला मी त्याला. भिंतीकडे तोंड करून. सातव्या दिवशी आलाच नाही."

"मग?"

"लागवड संपली, माणसं गेली. रडायचा पण नाही हो तो. सारखा मागे वळून बघायचा. आता कळतंय, सुट्टी झाली की नाही ते बघायचा."

'तुम्हाला कुठे माहीत होतं' असं धम्मपाल म्हणाला नाही. या माणसाशी कधी खोटं बोलावं लागणार नाही, असं तेजलला तेव्हा वाटून गेलं. प्रेमाला तरी जागा कुठली सुचावी... तर जिना.

"आईचं नाव काय त्याच्या?"

"भागीबाई."

"शोधू. तिकडची माणसं कांद्यानंतर आमच्या बागांवरच येतात."

अठरा दिवसांनी फोन आला. "सापडला. मी डबा वाजवून बघितला, तेजल."

"आणि?"

"नाही वळला."

रविवारी ती बागेत पोचली. हवेत औषधाचा उग्र वास होता. वेलाखाली गेणू खडे मांडत बसला होता. त्याने तेजलला बघितलं. हातातले खडे खाली ठेवले, उठला, शेडपाशी गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तेजल तशीच भागीबाईकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. भागीबाई घड कापत ऐकत राहिली. "घरी बी असाच उभा ऱ्हायचा. मला वाटलं, काय खेळ हाय."

"त्याला दवाखान्यात नेऊया."

"दादा नेतील. बाई, तुमी नको."

त्यानंतरचे पाच रविवार तेजल आली. लांब बसायची. गेणू एकदाही जवळ आला नाही. दवाखान्यात तपासणी झाली. कानाच्या यंत्राला एप्रिलची तारीख मिळाली.

"तुम्ही नाही आलात तरी चालेल," धम्मपाल एकदा म्हणाला.

"त्याच्यासाठी येते. आणि थोडी... तुमच्यासाठी पण. वाईट आहे ना हे?"

"मला नका विचारू. मी आठवडाभर रविवारची वाट बघतो, आणि मग गेणूकडे बघून माझी मलाच लाज वाटते."

शिमग्याला माणसं गावी निघाली. पिकअपमध्ये चढताना भागीबाई म्हणाली, "पुढल्या साली कांद्याला येऊ. पन पोरगं तुमच्याकडं नाय धाडायची."

"नका धाडू," तेजल म्हणाली.

गाडी वळेपर्यंत गेणू तिच्याकडे बघत होता. हात हलवायचा तिला धीर झाला नाही. उचललेल्या हाताचा त्याला काय अर्थ लागेल, कुणास ठाऊक.

"तेजल," धम्मपाल शेजारून म्हणाला, "मला आज एक विचारायचं होतं. पण तुम्ही रडताय..."

"मी कशी वागू शकते, ते बघून झालंय ना तुमचं?"

"झालंय."

"मग विचारा."

त्याने विचारलं. ती हो म्हणाली. दोघंही हसली नाहीत. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग तेजलने ओढणीने तोंड पुसलं. "एप्रिलमध्ये त्याला यंत्रासाठी आणायला जाल, तेव्हा मी येईन. त्याला दिसणार नाही अशी, मागच्या गाडीने."