मामांची रिकामी फाइल

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यात पदरचं काही घातलेलं नाही.

मार्चमधला रविवार. भरदुपार. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम.

तिथल्या डिस्क मी सांभाळतो. ही नोकरी मला मामांनी लावून दिली. सव्वीस वर्षं ती खोली त्यांची होती. तीन महिन्यांपूर्वी तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

त्यांची एक सवय होती. डिस्कवर ते कायम एक भलीमोठी फाइल ठेवायचे. आत काहीच नाही, नुसती शून्यं. जागा अडवून ठेवायला.

"अडीनडीला उडवायची. जागा मोकळी झाली की जीव भांड्यात पडतो," ते म्हणायचे. "पण आधी मला विचारायचं, भाचेबुवा."

त्या दिवशी डिस्कच्या जुन्या कपाटातला सगळा डेटा नव्या कपाटात कॉपी होत होता. सहा वाजता कॅज्युअल्टी नव्यावर सुरू होणार होती. कॉपी अडकली असती, तर येणाऱ्या पेशंटचा रक्तगटसुद्धा दिसला नसता.

नवीन डिस्क नुसती शून्यं साठवतच नाहीत, त्यामुळे ती जागा खात नाहीत. म्हणून मामांची फाइल मी मोजलीच नव्हती.

सव्वातीनला नवं कपाट एक्क्याण्णव टक्के भरलं.

साडेतीनला पंच्याण्णव.

जागा कोण खातंय ते बघितलं...

मामांची फाइल.

मी साहेबांना फोन लावला.

"रिकामीच आहे ना ती? मग उडव की! मुहूर्त बघतोयस का?"

फोन ठेवला. बोट बटणावर नेलं. तेवढ्यात मागून आवाज आला...

टक. टक.

एखादी गोष्ट पटली नाही, की मामा पेनने टेबलावर असंच दोनदा ठोकायचे.

मी वळलो. टेबल मोकळं. खुर्ची मोकळी. पेन तर मामींनी कधीच घरी नेलं होतं.

अठ्ठ्याण्णव टक्के.

टक. टक.

नव्याण्णव. वर कोणाचं तरी मूल आजारी असेल, असं मनात आलं. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

टक...

दुसरं वाजलंच नाही.

आकडा झरझर खाली आला. पाच चाळीसला कॉपी पूर्ण झाली. सगळ्यांनी पाठ थोपटली. जुन्या कपाटात ती फाइल अजून होती. मी ती उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं.

मग नव्या कपाटात जागा कशाने अडली होती?

घरी जाताना मामींकडे डोकावलो. त्या दिवा न लावता बसल्या होत्या.

"तुला म्हणून सांगते, हसू नकोस," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून रोज दुपारी इथे टेबलावर यांच्या पेनची टकटक ऐकू यायची. तेवढाच आधार वाटायचा रे. आज पावणेचारला एकदाच वाजलं... आणि थांबलं."

बटण मी दाबलं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. तोंडच नाही मला.

जुनं कपाट पुसून भंगारात द्यायचंय. ती तारीख मी दोनदा पुढे ढकलली. रोज दुपारी ती फाइल उघडतो आणि टेबलाकडे बघत म्हणतो, "मामा, विचारतोय."

आणि दोन टकटकींची वाट बघतो...