पेडलचा कोड

दानम्मा गाडी घेऊन आली ती वैशाखात, भर दुपारी. चालवत होता तिचा दीर, योगीराज. सिरसाळ्यात त्यांचं कापडाचं दुकान. पांढरी गाडी नव्या पद्धतीची, कॉम्प्युटरवर चालणारी. बीडात तेव्हा अशा गाड्या हातावर मोजण्याइतक्या, आणि त्यांचं काम पुण्याला जाऊन शिकलेला मी एकटाच.

"डॅशबोर्डावरचा पिवळा दिवा विझंना झालाय," योगीराज म्हणाला. "गिऱ्हाईक उद्या गाडी न्यायला येतंय. तेवढं बघा, मिस्त्री."

गाडी दानम्माच्या नवऱ्याची, बसवेश्वरची. मागच्या वर्षी लिंबागणेशच्या माळावर ती रस्त्याकडेला उभी सापडली होती. इंजिन चालू, दार उघडं. माणूस मात्र सापडला नाही. दानम्माचं कुंकू अजून ठसठशीत होतं.

मी बॉनेटखालच्या सॉकेटात वायरचा तुकडा जोडला. दिवा थांबून थांबून लुकलुकायला लागला. ही त्या कॉम्प्युटरची बोली. लुकलुक मोजून बिघाडाचा कोड लावला : ॲक्सिलेटरचा सेन्सर. पेडलला कुणी शिवलेलं नसताना तो 'दाबलंय' म्हणून सांगत होता.

सेन्सर बदलला. दिवा विझला. चक्कर मारून बघू म्हणून दानम्मा पुढं, शेजारच्या सीटवर बसली, आणि दिवा पुन्हा लागला. सीटखालच्या वायरी पाहिल्या, अर्थिंग पाहिलं. सगळं धड होतं. शेवटी मीटर लावला. ती बसली की काटा चढायचा. एकदम नाही, अलगद. उतरली की खाली.

"झटका न्हाई ना बसत?" तिनं विचारलं.

"न्हाई. लई हळू चढतंय."

"मला गाडी लागायची," ती म्हणाली. "म्हणून ते पेडल असंच हळू दाबायचे."

योगीराज चहाला टपरीवर गेला होता.

"मिस्त्री, इंजिन चालू करा, अन् तुमी जरा भाईर थांबा."

मी चावी फिरवली, उतरलो. बॉनेटपाशी जाऊन सेन्सरचा प्लगच उपटून ठेवला. शंका नको.

इंजिनचा आवाज तरीही चढला.

ॲक्सिलेटरची केबल माझ्या डोळ्यांदेखत ताणली गेली. ती आतूनच ओढली जाते. पायानं.

बाजूला वाकून काचेतून पाहिलं. ड्रायव्हरची सीट रिकामी होती.

दानम्मा तिकडं मान वळवून बोलत होती. मधेच थांबायची. ऐकायची. एकदा पदर तोंडाला लावून हसली, नव्या नवरीसारखी.

मग केबल सैल पडली.

"झालं का?" योगीराज परत आला होता.

"कोड पुसता येईल," मी म्हणालो.

"पुसू नका," दानम्मा आतूनच बोलली. "गाडी विकायची न्हाई."

"अवो वैनी, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय आपण."

ती सीटवरून हलेना. योगीराजनं सुस्कारा सोडला आणि ड्रायव्हरच्या दाराला हात घातला.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "तुमी मागं बसा."